धबधब्यावर बोलणी

आनशुन शहराच्या दफ्तरखान्यात जुन्या कागदांची बांधणी करणारा एक विभाग आहे. विभागात माणसं दोन. त्यातल्या बाई वर्षभर बाळंतपणाच्या रजेवर आहेत, आणि उरलेले एक ते विभागप्रमुख येन बाओलिन. इमारतीतले शेजारी त्यांना येनसाहेब म्हणतात. म्हणताना थोडं हसतात, पण म्हणतात हे महत्त्वाचं.

येनसाहेबांची एकुलती एक मुलगी निंगनिंग बालवाडीत शिकवते. तिनं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलगा थाव च्युन, पूल बांधणारा इंजिनियर, उंच, चष्मेवाला, जेवायला बसला की वाडग्यात भाताचं शीतही न ठेवणारा. येनसाहेबांना तो आवडला होता. राहिली होती ती दोन्हीकडच्या आईबापांची भेट. मुलाचे आईवडील त्सुन्यीला राहत, आणि कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीत सगळेच मोकळे होते, म्हणून त्या आठवड्यात भेटायचं नक्की झालं. कुठं भेटायचं हे ठरवण्याचं काम येनसाहेबांनी स्वतःकडे घेतलं, आणि तिथूनच घोळाला सुरुवात झाली.

"हॉटेलात भेटा की," त्यांची बायको सूश्या म्हणाली. "माणसं हॉटेलातच भेटतात."

हॉटेलाचा विचार येनसाहेबांनी करून झाला होता. गोल टेबलापाशी दाराकडे तोंड करून मानाच्या जागी कुणी बसायचं यावरून अर्धा तास 'तुम्ही बसा, छे छे, तुम्ही बसा' होणार. मग मुलाचा बाप पेला उचलणार. त्सुन्यीची माणसं म्हणजे दारूच्या मुलखातली. येनसाहेबांचं असं की पहिल्या पेल्याला कान लाल होतात, दुसऱ्याला मान, आणि तिसऱ्याला ते कागदाच्या वाळवीबद्दल बोलायला लागतात. घरी बोलवावं तर घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्यावर थानकाकू दारात शेंगा सोलत बसलेल्या. पाहुणा त्यांच्यासमोरून वर पोचेपर्यंत त्याचं वय, दुखणी आणि पगाराचा अंदाज सगळं त्यांच्याकडे जमा झालेलं असतं.

पण खरं कारण याहून निराळं होतं आणि ते येनसाहेबांनी कुणाला सांगितलं नाही. अनोळखी माणसासमोर बसलं की त्यांना बोलायला सुचत नाही. शांतता पसरते, ती आपल्यामुळेच पसरली असं वाटून ते आणखी गप्प होतात, आणि समोरच्याला वाटतं माणूस तुसडा आहे. म्हणून त्यांना अशी जागा हवी होती जिथं गप्प राहणं हा दोष ठरत नाही. तशी जागा बसनं तासाभराच्या आत होती. आमच्याकडे तिचं नाव घ्यावं लागत नाही, नुसतं धबधबा म्हटलं की पुरतं.

"धबधबा?" सूश्यानं हातातलं कणीस खाली ठेवलं. "सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी?"

"निसर्गाच्या सान्निध्यात माणसं मोकळी होतात."

"चेंगरून मोकळी होतील."

तरी येनसाहेबांनी थानकाकूंचा सल्ला घेतला. म्हणजे घेतला नाही, जिन्यात तो त्यांना मिळाला. "त्या दिवसांत तिथं पाणी दिसत नाही, येनसाहेब, डोकी दिसतात," थानकाकू म्हणाल्या. "पण जाताच आहात तर माझं ऐका. सगळे वरून खाली उतरतात. तुम्ही खालून वर चढा. आमच्या नाचाच्या गटातल्या अठरा बायका अशाच गेल्या होत्या."

"गर्दी लागली नाही?"

"लागली की. समोरून आली."

चौथ्या मजल्यावरचे शेदादा चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "खालून वर बिलकूल जाऊ नका. जेवणाच्या वेळी आत शिरा. लोक जेवायला बाहेर पडतात, तेवढ्यात पाहून घ्यायचं."

"आणि आपण जेवायचं कधी?"

"सकाळी सातला. पोटभर."

येनसाहेबांनी दोघांचं नम्रपणे ऐकून घेतलं आणि आपलं स्वतःचं वेळापत्रक केलं. दफ्तरखान्यातला माणूस, त्याचा कागदावर विश्वास. वेळापत्रकाच्या त्यांनी सहा प्रती काढल्या, प्रत्येकीला प्लॅस्टिकचं पाकीट घातलं, कोपऱ्यात पृष्ठ क्रमांक टाकला. पृष्ठ एकच होतं, पण शिस्त म्हणून टाकला. दहाला प्रवेश. दहा चाळीसला धबधब्याचं पहिलं दर्शन आणि कौतुक, कंसात 'सर्वांनी'. सव्वाअकराला एकत्र फोटो. बारा दहाला सावलीत जेवण. बारा चाळीसला मुख्य विषय. एक दहाला मुख्य विषय समाप्त. मुख्य विषयाचे पोटमुद्दे दोन, लग्नाची तारीख आणि मुलांनी राहायचं कुठं. दुसऱ्या मुद्द्यापुढे स्वतःच्या प्रतीवर त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात 'आनशुन' असं लिहून ठेवलं.

"कौतुक दहा चाळीसलाच करायचं?" निंगनिंगनं प्रत हातात घेऊन विचारलं. "आधी आवडलं तर?"

"आधी दिसणारच नाही."

आरक्षण करायचं तर प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा अठरा आकडी क्रमांक लागतो. घरच्या तिघांचे येनसाहेबांना पाठ होते. अडचण पाहुण्यांची होती. ज्यांचं तोंड अजून पाहिलेलं नाही त्या होणाऱ्या व्याह्यांना त्यांच्या ओळखपत्राचा क्रमांक कसा मागायचा? फोनवर वाक्य कसं सुरू करावं याचे त्यांनी तीन मसुदे केले. सूश्यानं ते वाचले. "यात आणि पोलीस चौकशीत एवढाच फरक आहे की पोलीस शेवटी आभार मानत नाहीत," ती म्हणाली. अखेर निंगनिंगनं च्युनला विचारलं आणि दोन मिनिटांत तिघांचे क्रमांक आले. मसुदे येनसाहेबांनी फाडले नाहीत, फाइलला लावले.

क्रमांक आले, पण क्रमांकाच्या मधल्या आठ आकड्यांत माणसाची जन्मतारीख असते. सूश्यानं चष्मा लावला. दर वर्षाला एकेक प्राणी धरणाऱ्या पंचांगानं मुलगा वाघाच्या वर्षातला निघाला. आपली मुलगी ड्रॅगनच्या. हे थानकाकूंना कसं कळलं ते येनसाहेबांना समजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या म्हणाल्या, "वाघ आणि ड्रॅगन एका घरात? घर तरी मोठं घ्या." मुलाचे वडील बासष्ट वर्षांचे होते. येनसाहेबांनी मोठ्या काळजीनं त्यांचं नाव ज्येष्ठ नागरिकांमध्ये घातलं. त्याचा संदेश व्याह्यांच्या फोनवर गेला, आणि संध्याकाळी च्युनचा निरोप आला की बाबांना जरा वाईट वाटलंय. ते व्यायामशिक्षक होते, आणि अजून रोज सकाळी मैदानाला बारा फेऱ्या मारतात. येनसाहेबांनी नाव तिथून काढलं. काढल्यावर सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला, आणि या वेळी लक्षात आलं की एका अर्जात पाचच माणसं मावतात. पाच जणांची दहाची वेळ मिळाली. सहावं नाव त्यांचं स्वतःचं होतं. ते वेगळ्या अर्जात घालेपर्यंत दहाची वेळ भरून गेली होती. त्यांना अकराची मिळाली.

"म्हणजे बोलावणारा यजमान तासभर बाहेर उभा," सूश्या म्हणाली.

"मी मागून गाठतो तुम्हाला. वेळापत्रकात जागा ठेवलीये."

सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ते तिघं पहिल्या बसनं निघाले. धबधब्याच्या फाटकापाशी गर्दीच्या थव्याबरोबर उतरले. येनसाहेबांच्या खांद्यावर जेवणाची पिशवी होती. चहाच्या पाण्यात उकडलेली चोवीस अंडी, चिकट भाताचे गोळे, मुळ्याचं लोणचं आणि मिरचीची बरणी, सहा माणसांचा सगळा शिधा. साडेनऊला त्सुन्यीची बस आली. आधी च्युन उतरला, मग त्याचे वडील थाव देक्वांग, रुंद छातीचे, गळ्यात दोरीला शिट्टी अडकवलेली. मग आई, फांग ह्वेइ, लहानखुरी, निळा कोट, हातात छोटी पर्स. थावसाहेबांनी येनसाहेबांचा हात धरून असा हलवला की पिशवीतली अंडी वाजली.

"प्रत मिळाली बरं का तुमची," ते म्हणाले. "शिस्त आवडली आपल्याला. दहा चाळीसला कौतुक. मी तयार आहे."

फांगबाईंनी नुसती मान लववली. येनसाहेबांनीही लववली. दोघांनाही पुढं काही सुचलं नाही.

दहाची रांग सुटली तेव्हा येनसाहेब कठड्याबाहेर उभे राहून हात हलवत होते. एकेक जण यंत्रावर ओळखपत्र टेकवून आत जात होता. थावसाहेब गेले, सूश्या गेली, मुलं गेली. फांगबाईंनी ओळखपत्र टेकवलं आणि यंत्र लाल झालं. पुन्हा टेकवलं, पुन्हा लाल. तिथल्या मुलीनं पत्र हातात घेऊन पाहिलं आणि सांगितलं, "मावशी, याची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली." फांगबाई जुनं पत्र घेऊन आल्या होत्या. नवं घरी, दुसऱ्या पर्समध्ये. मागून लोक रेटत होते, आत गेलेल्यांना मागं यायला जागा नव्हती. थावसाहेबांचा हात एकदा डोक्यांच्या वर दिसला, मग तोही दिसेना. अशा रीतीनं दहा वाजून चार मिनिटांनी दोन्ही घरांची पहिली भेट संपली, आणि फाटकाबाहेर उरले येनसाहेब, त्यांची होणारी विहीण आणि चोवीस अंडी.

फाटकावरच्या मुलीनं एका खिडकीकडे बोट दाखवलं. तिथं चेहरा आणि क्रमांक जुळवून तात्पुरता दाखला मिळत होता. खिडकीपुढं रांग होती, रांगेत आपापली ओळख घरी विसरून आलेली शंभरेक माणसं. येनसाहेब विहीणबाईंबरोबर उभे राहिले. तास गेला. त्या तासात त्यांच्यात दोन वाक्यं झाली. विहीणबाई म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या वेळेला आत जा, मी येते." येनसाहेब म्हणाले, "छे, असं कसं." दोन्ही वाक्यं पहिल्या पाच मिनिटांतच वापरून झाली.

खिडकीतला कारकून तरुण होता आणि सकाळपासून दमलेला होता. त्यानं फांगबाईंचा चेहरा जुळवला, क्रमांक टाकला आणि विचारलं, "यांच्यासाठी हमी कोण देतंय? तुम्ही? नातं काय?"

"व्याही," येनसाहेब म्हणाले. मग खरेपणासाठी, "होणारे."

"होणारे असं नातं नाहीये यात. पती, पालक, मूल, भावंडं, इतर."

"लग्न ठरत आलंय. आजच्या वेळापत्रकात आहे ते." येनसाहेबांनी प्रत काढून खिडकीत धरली. "बारा चाळीसला."

कारकुनानं प्रत वाचली. पूर्ण वाचली, असं वाटलं. "काका, बारा चाळीसला परत या मग. आत्ता 'इतर' लिहितो."

खरं तर इथं गप्प बसायला हरकत नव्हती. पण एकतीस वर्षं कागद बांधणाऱ्या माणसाला एक ठाऊक असतं की एकदा 'इतर'मध्ये गेलेला कागद पुन्हा कुणाला सापडत नाही. "इतर नको," येनसाहेब म्हणाले. "त्या इतर नाहीत. शेरा लिहायला जागा असेल खाली, तिथं लिहा." मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अहो काका, बायको लिहा आणि मोकळे व्हा." रांग हसली. येनसाहेबांचे कान पेला न घेताच लाल झाले. पण ते खिडकी सोडेनात. शेवटी कारकुनानं 'इतर'वर खूण केली आणि खाली शेऱ्यात 'होणारे व्याही' असं लिहून शिक्का मारला. शिक्का तिरका बसला. तेवढं येनसाहेबांनी सोडून दिलं.

दाखला पर्समध्ये ठेवताना फांगबाई म्हणाल्या, "च्युन म्हणाला होता, तुम्ही चांगले आहात. मला वाटलं, बोलायची पद्धत."

आत शिरेपर्यंत पावणेबारा झाले. मग उताराची वाट सुरू झाली. दोन्ही बाजूंना कठडे, मध्ये माणसं, आणि वाट नागमोडी वळत खाली जाणारी. चालणं असं नव्हतंच. पुढचा माणूस अर्धं पाऊल टाकी, मग आपण टाकायचं. दुसऱ्या वळणावर फोन लागला. सूश्याचा आवाज तुटत तुटत येत होता.

"कुठं आहात?"

"वळणावर. तुम्ही?"

"पुलावर."

"कुठल्या पुलावर?"

उत्तराऐवजी फोनमधून शिट्टी ऐकू आली, लांब आणि जोरदार. मग बऱ्याच लोकांचा गलका, आणि मग सूश्याचा आवाज, "थावसाहेबांनी आम्हाला एकत्र ठेवायला शिट्टी मारली, तर कुठल्याशा सहलीतली पिवळ्या टोप्यांची माणसं आमच्या मागं आलीयेत. जातच नाहीयेत. आणि अंडी तुमच्याकडे आहेत हो, आम्हाला भूक लागली." फोन तुटला.

तिसऱ्या वळणावर येनसाहेबांनी पिशवी उघडली. बारा दहा झाले होते आणि जेवण बारा दहालाच लिहिलेलं होतं. सावली नव्हती, बसायला जागा नव्हती. दोघांनी उभ्याउभ्या अंडी सोलली, टरफलं फांगबाईंनी रुमालात गोळा केली. दुसरं अंडं खाऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी आज एवढ्यासाठीच आले. तुमचे आभार मानायला."

"माझे?"

"मी च्युनला म्हटलं होतं, तू शिनच्यांगला तीन वर्षं जा, पूल बांध, पण त्या मुलीला नेऊ नकोस. आईबापांची एकुलती एक. तेव्हा तो म्हणाला, निंगनिंगच्या वडिलांनी स्वतःच होकार दिलाय. तिनं तिकडच्या शाळेत अर्जही केला, मार्चपासून. मला दोन दिवस झोप नाही आली हो. म्हटलं, काय माणूस असेल. माझ्याच्यानं नसतं झालं."

येनसाहेबांच्या हातात तिसरं अंडं होतं, अर्धं सोललेलं. ते त्यांनी पूर्ण सोललं. शिनच्यांग म्हणजे देशाचं दुसरं टोक. मार्च म्हणजे पाच महिने. यातलं त्यांना काहीही माहीत नव्हतं. त्यांनी कशालाही होकार दिलेला नव्हता, कारण त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. खिशातल्या प्रतीवर पेन्सिलीनं आनशुन लिहिलेलं होतं.

"त्यात काय एवढं," ते म्हणाले.

रांग सरकली. ते सरकले. त्यांना एकेक गोष्ट आठवायला लागली. निंगनिंग गेल्या महिन्यात जाड कोट घेऊन आली होती, इथल्या थंडीला न लागणारा. सूश्या परवा नकाशा उघडून बसली होती आणि ते आल्यावर म्हणाली, धबधब्याचा रस्ता बघतेय. देशाच्या नकाशात धबधबा खाली येतो. ती डावीकडे वर बघत होती, शिनच्यांग असतं तिथं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्सुन्यीला माहीत होतं. बहुधा दुसऱ्या मजल्यावरही माहीत होतं. सहा प्रती काढणारा माणूस तेवढा राहिला होता.

पुढच्या वळणावर फांगबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. त्या अडतीस वर्षं प्रसूतिगृहात सुईण होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या पुरुषांचे चेहरे त्यांनी हजारोंनी पाहिले असतील.

"तुम्हाला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मागच्या वळणापर्यंत नव्हतं."

त्यांनी टरफलांच्या रुमालाला गाठ मारली. मग म्हणाल्या, "माझा पोरगा खोटं बोलला. आज सगळ्यांसमोर विचारते त्याला."

"तो खोटं नाही बोलला. आमच्या मुलीनं त्याला तसं सांगितलं असणार. त्यानं विश्वास ठेवला." येनसाहेबांनी अंडं खाल्लं. "ती लहानपणी परीक्षेचे गुणही असेच सांगायची. आधी शिक्षकांना सांगायची की घरी आनंद झालाय, मग घरी येऊन सांगायची किती पडले."

फांगबाईंना हसू आलं, पण लगेच त्यांनी तोंड फिरवलं. "मला त्यानं सांगितलं तेव्हा मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. तीन मडकी कोबी खारवून ठेवला. एवढा कोबी खाणार कोण, असं हे विचारत होते." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "मूल हातात दिलं की बायका विचारतात, कुणासारखं दिसतं. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही, हे पुढं जाणार कुठं."

येनसाहेबांनी यावर काही म्हटलं नाही. पण या वेळी आपण गप्प आहोत याची त्यांना लाज वाटली नाही.

धबधब्यासमोरच्या चौथऱ्यावर ते दीडला पोचले. धबधबा दिसला, पण समोरच्या माणसांनी वर धरलेल्या फोनमध्ये. प्रत्येक फोनात एक, असे चाळीसेक छोटे धबधबे. प्रत्यक्ष जो होता त्याचे तुषार चष्म्यावर आले आणि पांढऱ्याशिवाय काही दिसेना. चष्मा पुसायला काढावा तर मुळातच काही दिसत नाही. पुसून पुन्हा लावला की पुढचे तुषार येईपर्यंत दोन-तीन क्षण मिळत. त्या दोन-तीन क्षणांत येनसाहेबांनी पाणी पाहिलं. वरून येत होतं, थांबत नव्हतं. मग रांगेनं त्यांना पुढं ढकललं.

पाण्यामागच्या गुहेत तर रांग पार अडकली. छत खाली, पाय ओले, मागून रेटा. एका बाईला घाबरल्यासारखं झालं, ती भिंतीला टेकली. आणि सकाळपासून ज्यांचा आवाज धडपणे ऐकू आला नव्हता त्या फांगबाईंनी अचानक अशा स्वरात बोलायला सुरुवात केली की पुढची वीस माणसं वळली. "मागं कुणी ढकलू नका. श्वास घ्या. तोंडानं सोडा. आता पुढच्यांनी एक पाऊल. अजून थोडं. अजून थोडं. छान." रांग हलली. मोठमोठे पुरुष तोंडानं श्वास सोडत पुढं सरकले. ती बाई सावरली, बाहेर पडताना फांगबाईंचा हात धरूनच चालली. येनसाहेबांच्या पुढचा एक जाडजूड गृहस्थ उजेडात आल्यावर हळूच म्हणाला, "कोण आहेत या?"

"आमच्या विहीणबाई," येनसाहेब म्हणाले. या वेळी त्यांनी 'होणाऱ्या' म्हटलं नाही.

बाहेर पडण्याच्या फाटकापाशी, बसच्या आवारात, सगळे एकत्र आले तेव्हा साडेपाच वाजले होते. त्सुन्यीची बस पावणेसहाची. थावसाहेबांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. ती तिथल्या पहारेकऱ्यानं काढून घेतली होती आणि सहीवर परत मिळणार होती. पिवळ्या टोपीतले दोघे अजून त्यांच्याबरोबर होते, त्यांची बस निघून गेली होती आणि आता ते थावसाहेबांना सर म्हणत होते. सूश्या चिखलानं गुडघ्यापर्यंत माखलेली आणि सकाळपेक्षा दहा वर्षांनी तरुण दिसत होती. तिची आणि थावसाहेबांची दिवसभरात अशी गट्टी जमली होती की एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. अंडी सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ली. सहापैकी पाच वेळापत्रकं भिजून लगदा झाली होती. पाकिटांना खालून भोक होतं, हे येनसाहेबांच्या लक्षात आलं नव्हतं.

"हे बघा येनसाहेब," थावसाहेब म्हणाले, "वहिनी आणि मी नूडल्सच्या रांगेत बरंचसं ठरवून टाकलंय. जेवण किती टेबलांचं, बोलावायचं कुणाला. तुमच्यासाठी ठेवलंय ते तारखेचं. ते तुम्हीच सांगायचं."

सगळे येनसाहेबांकडे बघू लागले. निंगनिंग खाली, आपल्या ओल्या बुटांकडे बघत होती. ती अशी बघते तेव्हा तिला काही सांगायचं असतं आणि ते ती दुसऱ्या दिवशी सांगते. फांगबाईंनी पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

येनसाहेब च्युनकडे वळले. "शिनच्यांगला मार्चमध्ये हवा कशी असते?"

च्युननं चष्मा सरळ केला. "थंड, काका. बर्फ असतो अजून. एप्रिलपर्यंत असतो."

"मग लग्न जानेवारीच्या शेवटी हवं," येनसाहेब म्हणाले. "सामान बांधायला महिना लागेल. पुस्तकं वेगळी बांधावी लागतात, त्यांना ओल लागून चालत नाही. ते मी करीन."

निंगनिंगनं आईकडे पाहिलं. सूश्यानं हातातल्या अंड्याकडे पाहिलं. थावसाहेब म्हणाले, "जानेवारीचा शेवट. उत्तम," आणि काय झालं ते बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून शोधू लागले. च्युननं वाकून येनसाहेबांच्या खांद्यावरची रिकामी पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली. मग त्सुन्यीच्या बसचा चालक नावं पुकारू लागला, आणि पिशवी तशीच त्याच्या खांद्यावर त्सुन्यीला गेली. फांगबाई खिडकीशी बसल्या. बस हलली तेव्हा त्या काचेतून काहीतरी म्हणाल्या. येनसाहेबांना ते समजलं नाही, पण त्यांनी मान डोलावली.

आनशुनच्या बसमध्ये सूश्या बसल्याबसल्या झोपली. निंगनिंग बापाशेजारी बसली होती. बरीच वळणं गेली. मग ती म्हणाली, "मी सुट्टी संपल्यावर सांगणार होते."

"हं."

"आईला मीच म्हटलं होतं सांगू नकोस. तुमच्यासमोर उभी राहिले ना, की मला बोलायलाच सुचत नाही, बाबा."

येनसाहेबांनी मुलीकडे पाहिलं. हे तिनं कुणाकडून घेतलं असावं ते त्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल रागावायचं कुणावर ते कळेना. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या कोरड्या टोकानं पुसला.

"तीन वर्षंच आहेत," ती म्हणाली.

"एक हजार शहाण्णव दिवस."

तिनं मनात हिशेब केला. "पंच्याण्णव, बाबा."

"मध्ये एक लीप वर्ष येतं," येनसाहेब म्हणाले.